आपल्या मालाचा भाव आपल्या तोंडून

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या सभासदांना सभेला येता आले नाही, त्यांच्यासाठी येथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे लिहिलंय, 'स्टॉलवरचं इंग्रजी'. ते वाचल्याबरोबर मागच्या रांगेतून आवाज आला, "आता या वयात एबीसीडी गिरवायची का गं बाई?" नाही मावशी, एबीसीडी नाही. पाटी-पेन्सिलही नाही. मी आज फक्त कपड्यांबद्दलचे चाळीसेक शब्द आणि बारा-पंधरा वाक्यं याबद्दल बोलणार आहे. तीही पाठ करायची नाहीत, खेळायची आहेत. लहानपणी आपण भातुकली खेळलो. दुकान-दुकान खेळलो. चिंचोके म्हणजे पैसे आणि पानं म्हणजे माल. तोच खेळ पुन्हा खेळायचा, एवढंच.

पण खेळ कशासाठी, ते आधी सांगते, कारण त्यात आपला पैसा अडकलेला आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणी तालुक्याच्या, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जातात. काही गट मुंबईला महालक्ष्मी सरसला जातात. तिथं काय होतं, आठवून बघा. कुर्ती ताईनं शिवलेली. गोधडी ताईनं टाके घालून केलेली. गिऱ्हाईक येतं, कापडाला हात लावतं आणि विचारतं, "हाऊ मच इज धिस?" ताई लगेच बाजूला बघते. मग बोलतं कोण? सोबत आलेला भाचा, शेजारच्या स्टॉलवरची कॉलेजची मुलगी, नाहीतर आमच्यासारखी एखादी कार्यकर्ती. माल विकला जातो, सगळे खूश. पण भाव कोणी ठरवला?

हिशोब करू. समजा एका कुर्तीला कापड २२० रुपये, अस्तर-दोरा-बटणं ४० रुपये, शिलाईची मजुरी १५० रुपये आणि प्रवासाचा, स्टॉलचा वाटा ४० रुपये. झाले ४५० रुपये. आपण चिठ्ठी लावली ६०० ची. गिऱ्हाईक म्हणालं, "एनी डिस्काउंट?" भाचा पटकन म्हणाला, "ओके, फोर हंड्रेड." त्या पोराचा काही वाईट हेतू नाही. त्याला वाटलं, माल खपला. पण त्या एका वाक्यात ताईचा नफा गेलाच, वर दीडशेची मजुरी शंभरावर आली. ४५० चा आकडा ताईच्या डोक्यात होता आणि तोंड भाच्याचं होतं. ज्याच्या डोक्यात हिशोब आहे, त्याच्याच तोंडून भाव निघाला पाहिजे. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीसाठी आहे.

तुम्ही म्हणाल, हिंदी येते की आम्हाला. चालते ना! हिंदीत खुशाल बोला. पण शहरातलं गिऱ्हाईक हिंदीत बोलतानाही काय म्हणतं? "इसमें मीडियम साईज है क्या? स्लीव्हज शॉर्ट मिलेगा? फिटिंग थोडा लूज है, कलर डार्क है." म्हणजे वाक्य हिंदी, पण मालाबद्दलचा प्रत्येक शब्द इंग्रजी. व्हॉट्सॲपवर ऑर्डर येते तीही तशीच. कपड्याच्या लेबलवर लिहिलेलंही तेच. तेव्हा हे शब्द टाळून चालत नाही.

आणि इंग्रजी येत नाही याची लाज तर अजिबात बाळगू नका. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं. आता सांगा, ज्या मावशींना चौथीतून शाळा सोडायला लावली, त्यांच्या वाट्याला इंग्रजीचा एक तरी तास आला का? तो तुमचा दोष नाही. सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यातही त्यांनी इंग्रजी शिका असा आग्रह धरला आहे. इतकी वर्षं झाली तरी ते आपल्यापर्यंत पोचलं नाही, तर आता आपणच दोन पावलं पुढं जाऊ.

शिवाय कपड्यांचं इंग्रजी आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. शर्ट, पँट, फ्रॉक, स्वेटर, ब्लाऊज, गाऊन, कॉलर, लेस, झिप, हुक हे शब्द आपण रोज वापरतो. आणि मजा ऐका, इंग्रजांनीही आपल्याकडून शब्द उचललेत. पायजमा, शाल हे शब्द इंग्रजीत आपल्या देशातून गेले. डोक्याला बांधायचा रुमाल म्हणजे बंडाना, तो आपल्या बांधणीवरून. कमरबंडही आपलाच कमरबंद. मुंबईतल्या डोंगरीच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून त्यांनी शब्द केला डंगरीज. इंग्रजांना आपले शब्द घ्यायला लाज वाटली नाही, मग आपल्याला त्यांचे घ्यायला का वाटावी?

मग अडतं कुठं? तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी २०१२ साली आलेला 'इंग्लिश विंग्लिश' पाहिला असेल. श्रीदेवीची शशी लाडू करून विकते. परदेशात ती एकटी कॉफीच्या दुकानात जाते आणि काउंटरवरची बाई तिला एकामागून एक प्रश्न विचारते. शशीची भंबेरी उडते. तिला शब्द अजिबात येत नव्हते असं नाही. पुढचा प्रश्न काय येणार, हे तिला माहीत नव्हतं. आणि मागं लोक खोळंबलेले. अगदी आपल्या स्टॉलवर होतं तसंच. म्हणून नुसती शब्दांची यादी पाठ करून काही होत नाही. प्रश्न कानावर पडला पाहिजे, घाई झाली पाहिजे, चुकायला मिळालं पाहिजे, आणि तेही जिथं कोणी हसणार नाही, नुकसान होणार नाही अशा जागी. ती जागा म्हणजे आपल्या गटाची बैठक.

आता खेळ कसा खेळायचा ते सांगते.

पहिली तयारी. प्रत्येकीनं घरून तीन कपडे आणायचे. एक बाईचा, एक माणसाचा, एक लेकराचा. खोलीत दोरी बांधायची, चिमटे लावून कपडे टांगायचे. प्रत्येकाला किमतीची चिठ्ठी लावायची. झालं दुकान. चित्रांचं पुस्तक नको. कपडा हातात धरला, बाहीला हात लावला आणि 'स्लीव्ह' म्हटलं की तो शब्द हाताला आठवतो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही हा खेळ तितकाच जमतो, कारण सगळं काम कानाचं, डोळ्यांचं आणि तोंडाचं आहे.

दुसरी गोष्ट, शब्द. एका बैठकीला आठ-दहाच घ्यायचे, जास्त नाही. मी त्याचे तीन ढीग केलेत. पहिला ढीग कपड्याच्या भागांचा: बाही म्हणजे स्लीव्ह, गळा म्हणजे नेक, खिसा म्हणजे पॉकेट, अस्तर म्हणजे लायनिंग, काठ म्हणजे बॉर्डर, शिवण म्हणजे स्टिच. दुसरा ढीग कापडाचा आणि रंगाचा: कॉटन, सिल्क, वूलन, प्लेन, प्रिंटेड, लाईट, डार्क. तिसरा ढीग तक्रारीचा: टाईट, लूज, लाँग, शॉर्ट. हा तिसरा ढीग सगळ्यात महत्त्वाचा, कारण गिऱ्हाईक तक्रार करतं तेव्हाच सौदा तुटतो किंवा जुळतो.

तिसरी गोष्ट, वाक्यं. गिऱ्हाईक साधारण हे विचारतं:

"हाऊ मच इज धिस?" – हे केवढ्याला?
"डू यू हॅव धिस इन ब्लू?" – यात निळा आहे का?
"कॅन आय ट्राय इट ऑन?" – घालून बघू का?
"इट इज टू टाईट." – हे फार घट्ट होतंय.
"एनी डिस्काउंट?" – काही कमी करणार?
"आय विल टेक इट." – मी घेते हे.

आणि आपण असं बोलायचं:

"विच साईज?" – कुठली साईज?
"विच कलर?" – कुठला रंग?
"धिस इज प्युअर कॉटन." – हे शुद्ध सुती आहे. खरोखर असेल तरच म्हणायचं बरं का!
"आय मेड इट." – मी स्वतः केलंय.
"सिक्स हंड्रेड रुपीज." – सहाशे रुपये.
"वन मिनिट, आय विल शो यू." – थांबा, दाखवते.

आणि तीन वाक्यं अडचणीतून सोडवणारी. ही आधी शिका, बाकीची नंतर. "स्लोली प्लीज," म्हणजे सावकाश बोला. "वन्स मोअर प्लीज," म्हणजे पुन्हा सांगा. "प्लीज राईट इट," म्हणजे लिहून दाखवा. ही तीन वाक्यं आली की कुणाकडं वळून बघावं लागत नाही.

चौथी गोष्ट, खेळणाऱ्या तिघी. एक दुकानदार, एक गिऱ्हाईक, तिसरी नोंद ठेवणारी. दोन मिनिटांचा सौदा, की जागा बदलायची. प्रत्येकीनं तिन्ही कामं करायची. दुकानदाराचंच काम करत राहिलं तर गिऱ्हाईक काय विचार करतं ते कळत नाही.

आता यातली खरी गंमत चिठ्ठ्यांमध्ये आहे. गिऱ्हाईकाला एक चिठ्ठी द्यायची, ती दुकानदारानं बघायची नाही. तीत लिहायचं: निळा कुर्ता हवा, साईज ३८, जवळ ५०० रुपये. वाचता येत नसेल तर निळा ठिपका आणि आकडे पुरे. दुकानदाराकडं दुसरी चिठ्ठी: निळा ३६ मध्येच आहे, ३८ मध्ये हिरवा आहे, ४५० च्या खाली द्यायचं नाही. आता दोघींना एकमेकींच्या पोटातलं माहीत नाही. मग विचारावंच लागतं, ऐकावंच लागतं, काहीतरी मार्ग काढावाच लागतो. दोघींना सगळं आधीच माहीत असेल तर ती नुसती पोपटपंची होते.

फेऱ्या तीन घ्या. पहिल्या फेरीत वाक्यांचा कागद हातात असू दे. दुसऱ्या फेरीत कागद खाली. तिसऱ्या फेरीत गिऱ्हाईक खट असेल: भराभर बोलणारं, नाक मुरडणारं, "नॉट गुड" म्हणणारं. ही भूमिका आपल्या काही जणी फार झकास करतील, मी आत्ताच नावं घेत नाही!

नोंद ठेवणारीनं मध्ये टोकायचं नाही. बोलणारीला मध्येच अडवलं की ती पुढचं सगळंच विसरते. तिनं तीनच गोष्टी बघायच्या. दुकानदारानं साईज विचारली का? भाव स्वतः सांगितला का? मदतीसाठी कितीदा इकडंतिकडं बघितलं? खेळ संपल्यावर सांगायचं. आधी चांगलं झालं ते, मग एकच सुधारणा. उच्चारावरून कुणी कुणाला हसायचं नाही. मंगळागौरीला आपण सासू-सून होऊन भांडतो, त्यात कुठं कुणी लाजतं? तितक्याच मोकळेपणानं हे करायचं.

आता चार जागा अशा आहेत की जिथं हमखास गडबड होते. त्या लक्षात ठेवा.

एक, आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी. थर्टीन आणि थर्टी. पंधरा की पन्नास, तेरा की तीस, ऐकताना फरक अगदी थोडा, खिशाला मात्र मोठा. म्हणून भाव तोंडानं सांगायचा आणि लगेच कॅल्क्युलेटरवर किंवा कागदावर दाखवायचा. नेहमी. कितीही सराव झाला तरी.

दोन, 'व्हेरी' आणि 'टू'. "इट इज व्हेरी लाँग" म्हणजे खूप लांब आहे, एवढंच. कदाचित तिला तसंच आवडत असेल. पण "इट इज टू लाँग" म्हणजे नको तितकं लांब आहे, हे मला चालणार नाही. 'टू' ऐकू आलं की समजायचं, गिऱ्हाईक हातातून चाललंय. लगेच दुसरा नग काढायचा, नाहीतर सांगायचं, "आय कॅन मेक इट शॉर्ट." आपण शिवणाऱ्या बाया, उंची कमी करून देणं हे तर आपल्या हातातलं काम आहे. मोठ्या दुकानातला सेल्समन हे जागच्या जागी करून देऊ शकत नाही, आपण देऊ शकतो.

तीन, 'धिस' आणि 'दीज'. एका कुर्तीला 'हाऊ मच इज धिस'. पण इंग्रजीत ज्या कपड्याला दोन पाय, तो एकच असला तरी अनेकवचनी धरतात. ट्राउझर्स, जीन्स, शॉर्ट्स, लेगिंग्ज. तिथं गिऱ्हाईक म्हणेल, "हाऊ मच आर दीज?" ते ऐकून दोन नग बांधायला घेऊ नका! एकाच लेगिंगचा भाव विचारलाय.

चार, शब्द तोच पण अर्थ वेगळा. आपण 'ड्रेस' म्हणतो तो सलवार-कमीजचा. परदेशी बाई 'ड्रेस' म्हणाली तर तिला एकसंध झगा हवा असतो. 'क्लॉथ' म्हणजे कापड आणि 'क्लोद्ज' म्हणजे शिवलेले कपडे. आणि इंग्लंडच्या माणसासमोर 'पँट्स' म्हणताना जरा जपून, कारण तिकडं पँट्स म्हणजे आतली चड्डी! बाहेरून घालतात ती ट्राउझर्स. म्हणून शब्दाबरोबर कपडा दाखवत जा, गैरसमज राहत नाही.

आता सगळ्यात अवघड धडा, नाही म्हणायचा. आपल्याला घरी, दारी, कुठंच नाही म्हणायची सवय नाही. मग ती इंग्रजीत एकदम कुठून येणार? म्हणून या वाक्याची वेगळी फेरी घ्या: "सॉरी. धिस इज हँडमेड. फाईव्ह फिफ्टी, लास्ट प्राईस." आणि एवढं म्हणून गप्प राहायचं. हे गप्प राहणंच कठीण असतं. आपल्याला वाटतं, गिऱ्हाईक रागावलं की काय, आणि आपण आपणहून आणखी पन्नास उतरवतो. खेळात दहापर्यंत मनात आकडे मोजायचे, मग बघा समोरची काय म्हणते ते. तिनं माल ठेवून दिला तर "थँक यू, प्लीज कम अगेन" म्हणायचं आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडं वळायचं. आतबट्ट्याचा सौदा गेला तर जाऊ द्या.

इथं आणखी एक तयारी लागते, ती इंग्रजीची नाही. स्टॉलवर जायच्या आधी प्रत्येक नगाचा हिशोब वहीत हवा. खर्च किती, मजुरी किती, कमीत कमी भाव किती. तो आकडा माहीत नसेल तर फाडफाड इंग्रजी येऊनही उपयोग नाही.

ज्या ताई कपडे करत नाहीत, मसाले, पापड, लोणची करतात, त्यांना वाटेल हे आपल्यासाठी नाही. तसं नाही. खेळ तोच, फक्त दोरीवरचे कपडे काढून मांडणीवर पुड्या ठेवायच्या. साईजच्या जागी वजन, रंगाच्या जागी तिखट-कमी तिखट. कपड्यापासून सुरुवात अशासाठी, की कपडा प्रत्येकीच्या घरात आहे आणि त्याचे निम्मे शब्द आधीच तोंडात आहेत. शिवाय आपणही गिऱ्हाईक असतोच की. लेकीला घेऊन शहरातल्या मोठ्या दुकानात गेलात, तर 'ट्रायल रूम' कुठं, 'नो एक्स्चेंज' म्हणजे माल बदलून मिळणार नाही, 'ड्राय क्लीन ओन्ली' म्हणजे घरी पाण्यात घालायचं नाही, हे कळलं तर पैसे वाया जात नाहीत.

शिकवणार कोण, हा प्रश्न राहिला. मी महिन्यातून एकदा प्रत्येक गटात येईन. पण मी नसतानाही खेळ थांबता कामा नये. आपल्या लेकी आठवी-नववीत आहेत, त्यांना पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यांना गिऱ्हाईक करा. लेक आईला विचारेल, "हाऊ मच इज धिस?" आणि आई तिला उत्तर देईल. यात आईचं जेवढं शिकून होईल तेवढंच लेकीचंही होईल, कारण शाळेत वाचलेलं इंग्रजी तिलाही तोंडानं बोलायला फारसं मिळत नाही.

तर माझी विनंती अशी आहे. पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, सह्या झाल्या की वीस मिनिटं जादा बसायचं. दोरी, चिमटे, तीन-तीन कपडे आणि चिठ्ठ्या. सचिवताईंनी इतिवृत्तात नोंद करायची, कोण कोण दुकानदार झालं ते. सलग सहा बैठका हे केलं, की पुढच्या प्रदर्शनाला जाताना एक नियम करू: ज्या ताईनं माल केलाय, गिऱ्हाईकाशी पहिलं तीच बोलेल. अडली तर आम्ही मागं उभ्या आहोतच. पण भावाचा आकडा आमच्यापैकी कुणी सांगणार नाही. तो तुमचा आहे, तुम्हीच सांगायचा.

ज्या गटांना पुढच्या महिन्यात सुरुवात करायची आहे, त्यांनी चहा घेताना माझ्याकडं नाव द्यावं. चिठ्ठ्यांचा एकेक संच मी करून आणलाय, तो जाताना घेऊन जा.